हिरवीसाठी इंजिन

चेनपुलीची साखळी करकरली, इंजिन जमिनीवरून सुटलं आणि सगळ्यांचे चहाचे कप हातातल्या हातात राहिले. धाकट्याने एका हाताने साखळी ओढत, दुसऱ्या हाताने ते लोखंडी धूड वळवत वर्कशॉपच्या मधल्या टेबलावर अलगद उतरवलं. खाली जुनी चादर अंथरलेलीच होती. त्याने आकडा सोडवला, हात पुसले आणि साखळी नीट अडकवली आहे ना ते जाऊन पाहिलं. दोन पावलं आला, पुन्हा गेला, पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदाही गेला.

वहिनीने मान खाली घातली. गेले आठ महिने ती हेच बघत होती. घरातला गॅस, वर्कशॉपचं कुलूप, मागचा नळ, सगळं तीन तीनदा. पूर्वी हा माणूस असा नव्हता. काम संपलं की न बघता पाना फेकायचा आणि तो भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला जाऊन अडकायचा, म्हणजे निदान अडकल्यासारखा आवाज तरी यायचा.

"कुठून पैदा केलंस?" आबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ब्लॉकवरचा नंबर बोटाने चाचपला. "अरे, हे तर हिरवीच्या इंजिनाचं सख्खं भावंड. पाठोपाठच जन्मलेलं."

"एका माणसाच्या गोठ्यात पडलं होतं. ओल नाही लागलेली. मी उघडून बघितलंय आतून."

"किती वेळा बघितलंस?" थोरल्याने विचारलं. प्रश्न साधा होता, पण विचारणाऱ्याचा सूर साधा नव्हता, आणि धाकटा इंजिनाखालची चादर सारखी करू लागला.

हिरवी पलीकडे उभी होती. दोन सीटांची, कापडी छपराची, बुटकी विलायती स्पोर्ट्स कार. आबांनी ती भंगारातून ओढत आणली तेव्हा थोरला रांगत होता, आणि पहिल्यांदा ती स्वतःच्या दमावर फाटकाबाहेर पडली तेव्हा धाकटा शाळेत जायला लागला होता. मधली सगळी वर्षं आबा दिवसा गिरणीतल्या लेथवर आणि संध्याकाळी हिरवीखाली. शेजारची सीट आईंची होती. आई गेल्या, तरी आबा दर रविवारी सकाळी हिरवी काढून टेकडीवर जायचे, तासभर बसायचे आणि परत यायचे. आठ महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी ते वेळेवर परत आले नाहीत. दुपारी पायी आले, शर्ट घामाने चिंब, एका हातात गाडीची किल्ली. तेव्हापासून हिरवी बॉनेट मिटून उभी होती आणि तिच्या पोटात तडा गेलेला इंजिनाचा ब्लॉक होता.

आज तिच्यासाठी इंजिन ठरवायचं होतं, म्हणून सगळे जमले होते.

या घराची एक रीत होती. कुठलाही मोठा भाग बसवायचा तर तो आधी टेबलावर यायचा, आणि ज्याला घरात येऊन सगळ्यांत कमी वर्षं झाली त्याने पहिलं बोलायचं. आबा सगळ्यांत शेवटी. मोठ्याने आधी तोंड उघडलं की बाकीचे नुसत्या माना हलवतात आणि माना हलवून इंजिन चालू होत नाही, असं आबांचं म्हणणं. जन्माने आलेला असो की लग्नाने, वर्षं मोजायची ती घरातली. वहिनी, थोरल्याची बायको, येऊन सोळा वर्षं झाली होती. मधे काही वर्षं तिची लेक तिच्या आधी बोलायची, पण ती शिकायला बाहेरगावी गेल्यापासून पहिलं बोलायची पाळी पुन्हा वहिनीवर आली होती.

"आधी माझा माल तर मांडू द्या," ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरल्याची धाकटी आणि धाकट्याची थोरली बहीण. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती आणि आजही कामाचे बूट घालूनच आली होती. तिने ढकलगाडीवरचं फडकं ओढलं. खाली जाडजूड नळकांड्यासारखी मोटर होती. "माल उचलायच्या गाडीतून काढलेली आहे. तेल नाही, पाणी नाही, धूर नाही. मी दिवसभर मोटरीवरच माणसं वरखाली करते. एक तरी अजून मधे लटकून राहिला का?"

"गेल्या महिन्यात मीच राहिलो होतो," थोरला म्हणाला.

"ती आमच्या कंपनीची नव्हती."

आबांनी मोटरीवर टकटक केलं. "आवाज किती करते?"

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे."

"मग मला नको. मला आधीच कमी ऐकू येतं. चालू आहे की बंद, ते बघायला दर वेळी खाली उतरावं लागेल."

ताईने हात कपाळाला लावला. थोरला मनापासून हसला आणि त्याच हसण्याच्या भरात त्याने आपला माल पुढे केला. त्याचं इंजिन अजून आलेलं नव्हतं. त्याऐवजी त्याने प्लायवूड आणि पुठ्ठा कापून त्या मापाचं खोटं इंजिन बनवलं होतं, अगदी अल्टरनेटरच्या जागी डालड्याचा रिकामा डबा लावून. खरं इंजिन जपानी होतं. अपघातात मागून ठोकर बसलेल्या गाडीतलं, पुढे ओरखडासुद्धा नाही.

"ॲल्युमिनियमचं आहे. या धुडापेक्षा पन्नास-साठ किलोने हलकं, ताकद दीडपट. सोबत पाच गिअरचा बॉक्स मिळतोय. दोन सीटांमधला गिअरबॉक्सचा बोगदा थोडा कापावा लागेल, इंजिन टेकायचे पाय नवे वेल्ड करावे लागतील, वायरिंग ताई करेल."

"ताईला विचारलंस?" ताई म्हणाली.

"आत्ता विचारतोय ना."

"हिरवीला कापायचं?" धाकटा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "दादा, चाळीस वर्षांत तिला कुणी कापलं नाही. हे इंजिन बघ. जुन्या पायांवर जसंच्या तसं बसतं. एक भोकसुद्धा पाडायला नको. जे होतं ते होतं तसं परत. मला तसंच करायचंय."

"तुला करायचंय म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडून. बिघडवलं मी, तर भरून मीच देणार ना."

वहिनीने कप खाली ठेवला, पण बशीवर तो वाजलाच.

थोरल्याने दाराबाहेर पाहिलं. "तुझी मोटरसायकल दिसत नाही ती?"

"दिली."

"कुणाला?"

"हे ज्याच्याकडे होतं त्याला."

ती मोटरसायकल त्याने चार वर्षं खपून उभी केली होती. टाकीचा रंग तीन वेळा खरवडून चौथ्यांदा मनासारखा आला होता, आणि तिची सीट वहिनीने शिवली होती. त्या सीटवर त्याने कधी कुणाला पाय ठेवू दिला नव्हता.

"आणि अजून एक सांगायचं होतं," धाकटा म्हणाला. तो इंजिनावरचा नसलेला डाग बोटाने पुसत होता. "एक तारखेपासून मी बसडेपोत जातोय. नोकरी मिळाली."

"डेपोत?" ताई उठून उभी राहिली. "तुला? सकाळी सातला हजेरी लावायची?"

"तिथं बरं आहे, ताई. आपण काम केलं की दुसरा माणूस तपासतो आणि मगच सही करतो. माझ्यासारख्याला तेच बरं."

थोरला भिंतीकडे बघत राहिला. 'ह्याच्या हातात पाना देऊ नका' हे त्याचेच शब्द होते, आठ महिन्यांपूर्वीचे, आणि नंतरही वेगवेगळ्या निमित्ताने तो ते बोललेला होता.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे. सगळा माल मांडून झाला. आता रीतीप्रमाणे. बोला सूनबाई."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

तिला त्या क्षणी आठवलं ते इंजिन नव्हे, एक फाटकी सीट. लग्नानंतर महिन्याभराने आबांनी हिरवीची सीट तिच्यापुढे टाकली होती आणि म्हणाले होते, शीव. तिने आयुष्यात उशीचा अभ्रा सोडून काही शिवलं नव्हतं. तिच्या माहेरी कप फुटला तर वर्षभर त्या कपाचं नाव निघायचं. जिथली वस्तू तिथं गेली नाही तर जेवताना ऐकावं लागायचं. "बिघडलं तर?" तिने घाबरत विचारलं होतं. "उसवायचं," आबा म्हणाले होते, जणू हे कुणालाही ठाऊक असावं. ती सीट तिने सात वेळा उसवली. आठव्यांदा आबांनी तिला कातडं शिवायचं जड मशीन आणून दिलं, वर्कशॉपचा उजेडाचा कोपरा दिला. आज गावोगावचे लोक गाड्यांच्या सीटा घेऊन त्या कोपऱ्यापाशी येत होते. तिच्याकडे जे काही होतं ते या घराने दिलेलं होतं, आणि ते तिने कधी नाकारलं नव्हतं. म्हणूनच तर तोंड उघडवत नव्हतं.

"वहिनी, तुमचं मत," धाकटा म्हणाला, आणि हसला. तिला धीर द्यायला.

"भाऊजी, तुम्ही झाकण टांगलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"रेडिएटरचं झाकण. तुम्ही स्टिअरिंगला टांगलं होतं. मी काढलं."

आता ते सगळं भसाभसा बाहेर आलं. रबरी नळी बदलायची म्हणून धाकट्याने त्या शनिवारी हिरवीचं पाणी सोडलं होतं. पाणी काढलं की रेडिएटरचं झाकण दोरीने स्टिअरिंगला टांगायचं, म्हणजे रिकामी गाडी कुणी चुकून चालू करणार नाही, हा आबांचा नेम. ते त्याने टांगलं होतं. संध्याकाळी तो नळी आणायला गेला आणि दुकान बंद मिळालं. मधल्या वेळात वहिनी ड्रायव्हरच्या सीटची निघालेली किनार हातसुईने शिवायला गाडीत बसली. वाकलं की झाकण सारखं कपाळावर आपटत होतं. तिने ते सोडवलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला, रडत होती, वसतिगृहात करमत नव्हतं. तिला समजावत समजावत वहिनीने शिवण संपवली, आवराआवर केली, आणि जिथली वस्तू तिथं म्हणून झाकण रेडिएटरवर फिरवून घट्ट बसवलं. बॉनेटही मिटलं.

"मला फोन ठेवल्यावरसुद्धा लक्षात आलं नाही. रविवारी तुम्ही पायी आलात, आबा, तेव्हा आलं."

आबांना सकाळी स्टिअरिंग मोकळं दिसलं होतं. ते निघाले. पाणीच नसलं की तापमानाचा काटाही चढत नाही, त्याचं पाण्यात बुडायचं टोक बिचारं नुसत्या हवेत बसलेलं असतं. टेकडीच्या अर्ध्यावर इंजिन जाम झालं होतं, आणि झाकण टांगायला धाकटाच विसरला असं सगळ्यांनी धरलं होतं.

"त्याच दिवशी सांगणार होते. मग उद्या सांगू म्हटलं. मग तुम्ही भाऊजींना बोललात," ती नवऱ्याकडे वळली, "आणि त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. मी फक्त मूग गिळून बसले. मला माफ करा म्हणायला तोंड नाही, पण करा."

थोरल्याचा चेहरा लाल झाला होता. "आठ महिने! मी त्याला काय काय बोललो, तू सगळं ऐकत होतीस?"

"ऐकत होते."

"एकदा, निदान मला एकट्याला तरी..."

"दादा," ताईने त्याला मधेच तोडलं, "ती गप्प होती हे चूकच. पण बोलत तूच होतास. ती गप्प बसली म्हणून तुला एवढं बोलावं लागलं, असं तर नाही ना?"

दर भांडणात ताई थोरल्याच्या बाजूला असायची, लहानपणापासून. आज ती टेबलाला वळसा घालून वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती, आणि ते त्याला कळलं होतं.

धाकटा मात्र खाली बसला होता. मधल्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. वहिनीला वाटलं, हा आता उठून निघून जाईल, आणि गेला तर त्याचं काही चुकणार नाही.

"म्हणजे मी टांगलं होतं," तो म्हणाला.

"टांगलं होतंत."

"दोरीची गाठ मारून?"

"दोन गाठी होत्या. सोडवताना माझं नख दुखावलं."

"दोन!" तो ताईकडे बघून म्हणाला. "ऐकलंस? मी दोन मारतो. नेहमीच दोन मारतो." त्याचा आवाज बारीक झाला. "मला आठवत होतं गं ताई. टांगलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मग वाटायला लागलं, आपल्याला न केलेलं पण दिसतं. गॅस बंद केलेला दिसतो, पण केला असेल का? आठ महिने स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता." तो उठला, वहिनीपाशी आला. तिने मान वर केली नाही. "वहिनी, थँक्यू."

"असं नका म्हणू, भाऊजी."

"नाही, खरंच. तुम्ही नसतं सांगितलं तर मी जन्मभर कुलपं ओढत बसलो असतो. राग येईल मला, उद्या-परवा येईलही. आल्यावर सांगतो. पण आत्ता नाही येत, काय करू?"

वहिनीला रडू कोसळलं. ताईने आपल्या ग्रीस लागलेल्या हाताने तिचे डोळे पुसले आणि चेहऱ्याची पार वाट लावली.

आबा खाकरले. "झाकण उघडून पाणी बघायचं काम चालवणाऱ्याचं. मी हे त्या दिवशीही सांगितलं होतं, पण या घरात सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही." ते वहिनीकडे वळले. "सूनबाई, इंजिनाचं मला काही नाही. मला वाईट वाटलं ते याचं, की सोळा वर्षांत या घराने तुला एवढीही खात्री दिली नाही."

"दिली होती, आबा. पहिल्याच महिन्यात दिली होती. मीच घेतली नाही."

आबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "तुझं मत राहिलं. रीत म्हणजे रीत. कोणतं इंजिन?"

"मी काय सांगू आता?"

"माफी झाली. आता कामाचं बोल."

वहिनीने नाक पुसलं. ती हिरवीपाशी गेली, ड्रायव्हरचं दार उघडलं. "हे बघा. या सीटची डावी किनार मी दोन वर्षांत तीनदा शिवली. उजवी एकदाही नाही. आबा क्लच दाबताना या बाजूला रेलून सगळं अंग टाकतात. डावा गुडघा दुखतो त्यांचा. गेल्या वर्षी मी गुपचूप डाव्या मांडीखाली जास्तीचा फोम घातला, तरी किनार निघालीच."

"माझ्या गुडघ्याबद्दल तुला कोण बोललं?" आबा गरजले.

"सीट बोलली."

ताई फिस्सकन हसली. थोरलाही हसणार होता, पण त्याने स्वतःला आवरलं.

"सगळे हिरवीचं बघतायत," वहिनी म्हणाली. "तिचं वजन, तिची ताकद, तिला कापायचं की नाही. चालवणाऱ्याचं कुणी बघितलं नाही. भाऊजींचं इंजिन चांगलं आहे, पण त्याच्याबरोबर तोच जुना क्लच येणार. हे आणतायत त्या गिअरबॉक्सचा क्लच हलका आहे ना?"

"बोटाने दाबता येईल," थोरला म्हणाला.

"मोटरीला तर क्लचच लागत नाही," ताई म्हणाली.

"पण बॅटऱ्या ठेवायच्या कुठं, ताई? शेजारच्या सीटवरच ठेवाव्या लागतील." वहिनीने आईंच्या त्या सीटवरची धूळ हाताने झटकली. ताईने मुकाट्याने मोटरीवर फडकं ओढलं.

"मला जपानी पटतं," धाकटा म्हणाला. आता त्याची पाळी होती. "कापू. माझं काय, मला फक्त होतं तसं परत हवं होतं, आणि ते तर आत्ताच मिळालं."

ताईने हात वर केला, थोरल्याने नुसती मान हलवली. शेवटी आबा.

"जपानी," आबा म्हणाले. "आणि हे उद्या परत जाईल, आणि मोटरसायकल घरी येईल. दंड भरल्यासारखं आणलेलं इंजिन मी माझ्या गाडीत बसवणार नाही. तो माणूस ऐकत नसेल तर मी येतो सोबत. गुडघा दाखवतो."

थोरला हातोडी उचलायला गेला, तिथेच घुटमळला, रिकाम्या हाताने परत आला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. घरात थोरला असण्याचा तोटा. त्याने भिंतीवरून आपला मोठा, नट मोजून आवळायचा टॉर्क पाना काढला, जो तो कुणाला हात लावू द्यायचा नाही, आणि धाकट्यासमोर धरला.

"पाय तू बसव. नट तू आवळ. मी तपासणार नाही."

"तपास की."

"नाही तपासणार म्हटलं ना." मग खालच्या आवाजात, "मी फार बोललो रे."

"फारच," धाकटा म्हणाला, आणि पाना घेतला.

"डेपोला कळवलंस का, नाही येत म्हणून?"

"इथं थांब म्हणून कुणी विचारलंय कुठं मला?"

"विचारतोय ना आत्ता!"

"लिफ्टमधे अडकल्यासारखं बोलतोस," ताई म्हणाली. "नीट विचार."

"थांब," थोरला म्हणाला. "थांब इथंच."

धाकट्याने पाना खिळ्याला परत लावला नाही, हातातच ठेवला.

दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी कामाला हात घातलाच. बॉनेट उघडलं. रेडिएटरवरचं झाकण आठ महिने कुणी हलवलं नव्हतं, ते धाकट्याने जोर लावून फिरवलं. वहिनी गाडीत बसून पुढचा गालिचा सोडवत होती. तिच्या मांडीवर काहीतरी जड पडलं. झाकण होतं ते, दोरीसकट.

"टांगा," खिडकीतून धाकटा म्हणाला.

"मी?"

"मग कोण?"

तिने दोरी स्टिअरिंगभोवती घेतली. एक गाठ मारली. मग दुसरी मारली. ती परत गालिच्याकडे वाकली तशी झाकण हलून तिच्या कपाळाला हळूच लागलं. ती वर बघते तो धाकटा दारापर्यंत पोचला होता. त्या शनिवारी राहिलेली नळी आणायला निघाला होता, दुकान बंद व्हायच्या आत.

वहिनी वाट बघत राहिली. आता हा वळेल, येईल, गाठ ओढून बघेल. एकदा, दोनदा, तीनदा. तिने त्याच्यासाठी हात बाजूलाही केला. बाहेर फाटक वाजलं, पावलं रस्त्याला लागली आणि लांब लांब गेली. तो मागे वळला नव्हता.